बंदुकीपासून कड्यापर्यंत : डॉ. सलीम अली आणि टुंड्रातून येणारे पाहुणे

भंडारा जिल्ह्याची ओळख तलावांचा जिल्हा अशी आहे. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी खोदलेले तलाव, मालगुजारीच्या काळात वाढविलेले बांध, गावागावांतील बोड्या आणि त्यांच्या पाण्यावर पिकणाऱ्या धानाच्या बांध्या यांनी हा मुलूख घडविला. दिवाळीच्या सुमारास हलका धान कापणीला येतो, तलावाचे पाणी किंचित मागे सरते आणि उघड्या पडलेल्या चिखलावर चिमणीएवढे करड्या रंगाचे पक्षी घाईघाईने चोच टोचत फिरताना दिसू लागतात. मराठीत त्यांना छोटा टिलवा म्हणतात. या पक्ष्याचे वजन पंचवीस-तीस ग्रॅम भरते. म्हैस पाण्यात उतरली की तो उडतो, आणि ती पुढे गेली की पुन्हा त्याच जागी येऊन बसतो.

हा जीव आपल्या शिवारात जन्मलेला नाही. त्याचे अंडे उबले ते उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रा प्रदेशात. भंडाऱ्यापासून ती भूमी सरळ रेषेत मोजली तरी साडेपाच हजार किलोमीटरांहून अधिक दूर आहे. भूगोलाच्या पुस्तकात आपण सर्वांनी टुंड्राचा धडा वाचला. परीक्षेपुरता पाठ केला आणि पुढच्या इयत्तेत विसरलो. परंतु त्या धड्यातील सजीव प्रतिनिधी दरवर्षी आपल्या तलावावर येऊन सहा-सात महिने राहतात, ही गोष्ट त्या पुस्तकात नव्हती. ती भारतीयांना पद्धतशीरपणे शिकविण्याचे श्रेय ज्या माणसाकडे प्रथम जाते, त्याचे चरित्र निवासी शाळेत वाढलेल्या प्रत्येकाने जाणून घ्यावे असे आहे. कारण हा माणूस बालपणीच पोरका झाला, शाळेत मागे पडला, त्याला पदवी मिळाली नाही आणि तरीही तो आपल्या विषयातील जगन्मान्य विद्वान झाला. त्यांचे नाव डॉ. सलीम अली.

पोरके बालपण आणि एक चिमणी

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. ते वर्षाचे असताना वडील मोईजुद्दीन वारले आणि तिसऱ्या वर्षी आई झीनत-उन-निसा यांचेही छत्र हरपले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांना मूलबाळ नव्हते. त्यांनी या पोरक्या भावंडांना खेतवाडीतील आपल्या घरी आणून वाढविले. घर मोठे, माणसांनी भरलेले आणि प्रेमळ होते. मामा शिकारीचे शौकीन होते, आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे भाच्याच्या हाती लहानपणीच खेळण्यातील हवेची बंदूक आली.

या बंदुकीने एके दिवशी त्याने एक चिमणी पाडली. हातात घेऊन पाहिली तर तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. घरातल्या नेहमीच्या चिमणीला तसा ठिपका नसतो. ही कोणती चिमणी, असा प्रश्न त्याने मामांना विचारला. मामांना उत्तर ठाऊक नव्हते. परंतु उत्तर कोठे मिळेल हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठविले. ही संस्था १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झाली होती. एका इंग्रज अधिकारी माणसासमोर मेलेली चिमणी कागदात गुंडाळून उभा असलेला तो दहा-अकरा वर्षांचा मुलगा किती बिचकला असेल, याची कल्पना आपण करू शकतो. मिलार्ड यांनी त्याला हाकलून दिले नाही. ही पिवळ्या गळ्याची रानचिमणी आहे, असे त्यांनी सांगितले. कपाटे उघडून भुसा भरून ठेवलेले शेकडो पक्षी दाखविले आणि वाचायला पुस्तके दिली. मोठ्या माणसाने लहान मुलाच्या प्रश्नाला दिलेला तो थोडा वेळ म्हणजे भारतीय पक्षिविज्ञानाची एक मोठी गुंतवणूक ठरली.

पदवीविना विद्वान

शाळेत मात्र या मुलाची प्रगती यथातथाच होती. तीव्र डोकेदुखीमुळे त्याचे शिक्षण वारंवार खंडित झाले. हवापालटासाठी त्याला काही काळ सिंधमध्ये नातलगांकडे धाडण्यात आले. १९१३ मध्ये तो कसाबसा मॅट्रिक उत्तीर्ण झाला. सेंट झेवियर्स महाविद्यालयातील पहिले वर्ष जड गेले आणि त्याने महाविद्यालय सोडले. कुटुंबाचा ब्रह्मदेशात तवॉय येथे खाणीचा आणि लाकडाचा व्यवसाय होता. तो सांभाळण्यासाठी तो तिकडे गेला. व्यवसाय फारसा सांभाळला गेला नाही. पण भोवतालच्या जंगलाने त्याला जे शिकविले ते कोणत्याही वर्गात मिळाले नसते. १९१७ मध्ये परत आल्यावर त्याने वाणिज्याचा अभ्यास आरंभला आणि त्याच वेळी झेवियर्समध्ये फादर ब्लॅटर यांच्या प्रोत्साहनाने प्राणिशास्त्राचे धडे घेतले. डिसेंबर १९१८ मध्ये तेहमिना बेगम यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

पुढे भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागात पक्षितज्ज्ञाची जागा निघाली. ज्ञान होते, आवड होती, वर्षानुवर्षांच्या निरीक्षणांच्या वह्या होत्या. नव्हती ती विद्यापीठाची पदवी. जागा मिळाली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात नव्याने उघडलेल्या निसर्गविभागात महिना ३५० रुपयांवर मार्गदर्शक व्याख्यात्याची नोकरी लागली. दोन वर्षांनी त्यांनी अभ्यासरजा घेतली आणि ते जर्मनीला गेले. बर्लिनच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात त्यांना एर्विन स्ट्रेसेमान हे गुरू लाभले. स्ट्रेसेमान यांनी या पदवीहीन भारतीय तरुणाला बरोबरीच्या नात्याने वागविले. सलीम अली जन्मभर त्यांनाच आपले गुरू मानीत आले.

जर्मनीत असतानाच ते उत्तर समुद्रातील हेलिगोलांड या छोट्या बेटावर गेले. स्थलांतर करणारे पक्षी त्या बेटावर थकून उतरत. तेथील पक्षिकेंद्रात त्यांना जाळ्यात अलगद पकडून, पायात क्रमांक कोरलेले हलके धातूचे कडे घालून पुन्हा सोडून देत. तो पक्षी पुढे जगात कोठेही सापडला की त्या क्रमांकावरून त्याचा प्रवास कळे. पक्षी पाडल्याशिवाय ओळखता येत नाही असे मानणाऱ्या काळात वाढलेल्या या अभ्यासकाने येथे दुसरा मार्ग पाहिला. त्याचे फळ तीस वर्षांनी भारतात दिसायचे होते.

१९३० मध्ये ते परतले तेव्हा पैशाअभावी त्यांची संग्रहालयातील जागाच रद्द झालेली होती. परदेशातून विद्या घेऊन आलेला माणूस बेकार ठरला. मुंबईत राहणे परवडेना म्हणून हे दांपत्य अलिबागजवळच्या किहीम या समुद्रकाठच्या गावी राहावयास गेले. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. सलीम अली रोज तासन् तास त्यांच्याकडे पाहत बसले. नर घरटे अर्धे विणतो. मादी येऊन ते पारखते. पसंत पडले तर आत राहते. मग नर ते पूर्ण करतो आणि लगेच दुसरे घरटे दुसऱ्या मादीसाठी विणावयास घेतो. हा सारा व्यवहार प्रथमच कोणी नीट नोंदवून जगापुढे मांडला. बेकारीच्या त्या दिवसांनी सलीम अली यांचे नाव परदेशांतील विद्वानांपर्यंत पोहोचविले.

रानावनातील वर्षे

त्यानंतर त्यांनी एक धाडसी प्रस्ताव मांडला. देशातील संस्थानांमध्ये पक्ष्यांची पद्धतशीर पाहणी झालेली नव्हती. संस्थानांनी केवळ प्रवासाचा आणि तंबूचा खर्च द्यावा, आपण विनावेतन काम करू, असे त्यांनी कळविले. हैदराबाद, कोचीन, त्रावणकोर, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशा संस्थानांच्या पाहण्या या रीतीने झाल्या. तेहमिना बेगम सुखवस्तू घरातील होत्या. तरी बैलगाडी, तंबू आणि रानातला मुक्काम यांची त्यांनी कधी तक्रार केली नाही. पतीच्या लेखनातील भाषेवर त्या हात फिरवीत. १९३९ मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्यांचे अकाली निधन झाले. सलीम अली यांनी पुन्हा विवाह केला नाही. बहीण आणि मेहुणे यांच्या घरी ते राहिले आणि उरलेले अर्धे आयुष्य त्यांनी कामाला वाहिले. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे सचित्र पुस्तक प्रसिद्ध झाले आणि सामान्य वाचकाच्या हातात देशातील पक्ष्यांची ओळख आली. एस. डिलन रिप्ली यांच्यासमवेत लिहिलेला दहा खंडांचा महाग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात पूर्ण झाला.

येथे एक प्रश्न टाळता येणार नाही. प्राणिमात्रांविषयी करुणा हे ज्या शाळेचे शील आहे, तिच्या स्मरणिकेत बंदूक वापरणाऱ्या माणसाचा गौरव कसा करावा? सलीम अली यांनी अभ्यासासाठी असंख्य पक्षी मारले. तरुणपणी शिकारीचा छंदही जोपासला. आपल्या आत्मचरित्रात त्यांनी हे लपविले नाही. पक्ष्यांच्या जाती आणि पोटजाती निश्चित करायच्या तर नमुने हवेत, आणि मोजके नमुने घेतल्याने जात नष्ट होत नाही. ती नष्ट होते अधिवास नष्ट झाल्याने, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो शास्त्राच्या दृष्टीने खरा आहे. तरीही त्यांच्या आयुष्याची दिशा पाहिली तर तिचा ओघ बंदुकीकडून दुर्बिणीकडे आणि दुर्बिणीकडून कड्याकडे गेलेला दिसतो. मारलेला पक्षी एवढेच सांगतो की, अमुक दिवशी तो अमुक ठिकाणी होता. कडे घालून सोडलेला पक्षी तो कोठून आला, कोठे गेला आणि किती जगला हे सांगू शकतो. जिवंत पक्ष्याचे ज्ञान मेलेल्या पक्ष्याच्या ज्ञानाहून मोठे असते, हे त्यांच्या कामातूनच सिद्ध झाले.

पाहुण्यांचे माहेर

ज्या भूमीकडे हे पक्षी परत जातात, तिची आता थोडी ओळख करून घेऊ. टुंड्रा या शब्दाच्या मुळाशी वृक्षहीन उंचवटा असा अर्थ आहे. सैबेरियाची उत्तर किनारपट्टी, उत्तर स्कँडिनेव्हिया, अलास्का, उत्तर कॅनडा आणि ग्रीनलंडचा किनारा या भागांत ती पसरलेली आहे. हिवाळ्यात तेथे पारा शून्याखाली तीस-चाळीस अंशांपर्यंत उतरतो आणि कित्येक आठवडे सूर्य क्षितिजावर येतच नाही. उन्हाळ्यातही सरासरी तापमान बारा अंशांच्या वर क्वचितच जाते. जमिनीचा वरचा हात-दोन हातांचा थर तेवढा वितळतो; त्याखालची भूमी हजारो वर्षे गोठलेली आहे. झाडाची मुळे खोल जाऊ शकत नाहीत, म्हणून झाडे नाहीत. शेवाळ, गवत, आपल्या मसाल्यातील दगडफुलाच्या जातकुळीचे सजीव आणि घोट्याएवढी उंच होणारी विलो व बर्चची झुडपे एवढाच तेथला हिरवा संसार.

विशेष असे की टुंड्रात पाऊस आणि हिम मिळून वर्षाला साधारण १५० ते २५० मिलिमीटर पाणी पडते. आपल्या भंडाऱ्यात सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस होतो. म्हणजे हिशेबाने टुंड्रा हे वाळवंट ठरावे. परंतु उन्हाळ्यात तेथे जिकडेतिकडे डबकी आणि तळी साचलेली असतात. कारण खालची गोठलेली जमीन पाणी जिरू देत नाही आणि थंडीमुळे त्याची वाफही फारशी होत नाही. आपल्याकडे तलाव माणसांनी बांधले. तिथे ते गोठलेल्या मातीने बांधले आहेत.

या उन्हाळ्याचा काळ जेमतेम दोन महिन्यांचा. त्या काळात सूर्य मावळत नाही. पाण्यातून डास आणि माश्या यांचे लोटच्या लोट उठतात. माणसाला नकोसे वाटणारे हेच डास पिलांचे अन्न. छोट्या टिलव्याचे पिलू अंड्यातून बाहेर आल्यावर काही तासांतच स्वतः चालते आणि स्वतः टिपून खाते. मादी चार अंडी घालते. पिले उडती होण्याच्या सुमारास मोठे पक्षी दक्षिणेकडे निघूनही जातात. मागून निघालेली पिले कोणी वाट न दाखविता, आधी कधी न पाहिलेल्या देशांवरून उडत आपल्या तलावांपर्यंत येऊन पोहोचतात. आईबापांविना पहिला प्रवास करणारी ही लेकरे पोरक्या सलीमच्या अभ्यासाचा विषय व्हावीत, हा योगायोग मनाला स्पर्श करून जातो.

टुंड्रातील जीवनाची गुंफण अशी की तेथील उंदराचा आपल्या तलावाशी संबंध पोहोचतो. लेमिंग नावाचे आखूड शेपटीचे उंदीर तेथे दर तीन-चार वर्षांनी अमाप वाढतात आणि नंतर एकाएकी घटतात. लेमिंग भरपूर असले की हिमकोल्हे त्यांच्यावर पोट भरतात आणि पक्ष्यांची घरटी वाचतात. लेमिंग घटले की कोल्हे अंडी आणि पिले शोधू लागतात. त्या वर्षी दक्षिणेकडे कोवळे पक्षी कमी येतात. सैबेरियाच्या यामल द्वीपकल्पात रेनडिअरचे कळप घेऊन कातडी तंबूंत राहणारे नेनेत्स लोक या ऋतुचक्राबरोबरच फिरत असतात. कळपाला चारा मिळेल तिकडे वस्ती हलवायची, भूमी झिजू द्यायची नाही, हे त्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे शहाणपण आहे.

हिवाळ्यात आलेला प्रत्येक पक्षी टुंड्रातलाच असतो असे मात्र नाही. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब तिबेट व मंगोलियाच्या सरोवरांवर जन्मतो. चक्रवाकही मध्य आशियातील. छोटा टिलवा खरा टुंड्रावासी; लांब टोकदार शेपटीच्या तलवार बदकांपैकी अनेक आणि हिवाळी बहिरी ससाण्यांपैकी काही त्या बाजूने येतात.

आजाराने उघडलेली वाट

पक्ष्यांना कडी घालण्याचे काम भारतात १९२६ च्या सुमारास धार संस्थानात बदकांपासून सुरू झाले होते. पण त्याला मोठे रूप येण्यास एक आजार कारण झाला. १९५७ मध्ये तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसांना ताप येऊ लागला. गोचिडांतून पसरणाऱ्या या तापाचा विषाणू रशियातील एका मेंदूज्वराच्या विषाणूशी साम्य दाखवीत होता. मग स्थलांतर करणारे पक्षी सैबेरियातून गोचिडांमार्फत हा विषाणू आणीत असतील काय, अशी शंका निघाली. शंकेची तपासणी करायची तर कोणता पक्षी कोठून येतो हे आधी कळायला हवे होते. सलीम अली यांना हेच तर अनेक वर्षे हवे होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने १९५९ पासून भरतपूर आणि इतर ठिकाणी मोठ्या प्रमाणावर पक्ष्यांना कडी घालण्याचे काम सुरू झाले.

या कामात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पंखाला इजा न होऊ देता पक्षी पकडण्याची विद्या विद्यापीठांत नव्हती. ती बिहारमधील मीरशिकार समाजाकडे होती. पिढ्यान्‌पिढ्या पक्षी धरून विकणाऱ्या या गरीब माणसांना सलीम अली यांच्या संस्थेने कामात सामावून घेतले. ज्यांच्या हातात पक्षी केवळ विकण्यासाठी येत असे, त्यांच्याच हातांनी आता त्याला कडे घालून सोडले जाऊ लागले. ज्यांना जग अडाणी म्हणते त्यांच्या कौशल्यावर विज्ञान उभे राहते, याचे हे उदाहरण आहे. आपल्या जिल्ह्यातील ढीवर बांधवांना तलावातील पाणी, मासे आणि पक्षी यांचे जे ज्ञान आहे, त्याचे मोलही याच मापाने करावयास हवे.

हजारो पक्ष्यांच्या पायांत कडी पडली आणि काही वर्षांत सोव्हिएत संघातून, सैबेरिया आणि कझाकस्तानातून कड्यांचे क्रमांक कळविणारी पत्रे येऊ लागली. भरतपूरच्या तळ्यात डुंबणारे बदक आणि सैबेरियातील शिकाऱ्याच्या हाती पडलेले बदक एकच आहे, हे कागदोपत्री सिद्ध झाले. आजार पक्ष्यांनीच आणला हे मात्र सिद्ध झाले नाही. तो ताप आजही पश्चिम घाटात, आपल्या सिंधुदुर्गातही आढळतो. शंका खोटी ठरली तरी तिच्या शोधात मिळालेले ज्ञान खरे होते.

गौरव आणि एक धडा

जगाने सलीम अली यांचा सन्मान केला. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण, विद्यापीठांच्या सन्माननीय डॉक्टरेट आणि १९८५ मध्ये राज्यसभेचे सदस्यत्व. पदवी नाही म्हणून नोकरी नाकारलेल्या माणसाच्या नावामागे डॉक्टर लागले ते असे. आंतरराष्ट्रीय गेट्टी पुरस्काराची मोठी रक्कम त्यांनी स्वतःजवळ न ठेवता निसर्गरक्षणाच्या निधीला दिली. भरतपूरची पाणथळ वाचविण्यात आणि केरळातील सायलेंट व्हॅलीचे जंगल धरणापासून राखण्यात त्यांच्या शब्दाला वजन होते. २० जून १९८७ रोजी, नव्वदी ओलांडल्यावर, मुंबईत त्यांचे निधन झाले.

चरित्रात केवळ यशच सांगितले तर ते चरित्र अपुरे राहते. भरतपूरला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाल्यावर १९८२ मध्ये तेथे गुरे चारण्यास बंदी झाली. सलीम अली आणि त्यांची संस्था या बंदीच्या बाजूने होती. आसपासच्या गावकऱ्यांनी विरोध केला. गोळीबार होऊन त्यात काही गावकऱ्यांचे प्राण गेले. पुढे त्याच संस्थेने तेथे जो दीर्घ अभ्यास केला त्यातून दिसले की, गुरे थांबल्याने गवत बेसुमार वाढले, उघडे पाणी आटोपले आणि अनेक पाणपक्ष्यांना जागा उरली नाही. म्हशींच्या चरण्यानेच ते तळे पक्ष्यांजोगे राहत होते. हा निष्कर्ष संस्थेने दडपला नाही, प्रसिद्ध केला. आपल्या संस्थापुरुषाच्या मताविरुद्ध गेलेले निरीक्षण मान्य करणे, हीच सलीम अली यांच्या शिकवणुकीची खरी परीक्षा होती आणि संस्था तीत उतरली. गावकऱ्यांना वगळून पाणी राखता येत नाही, हा त्यातील धडा आपल्यासारख्या तलावांच्या जिल्ह्याने विशेष ध्यानात ठेवावा.

आपल्या वाट्याचे काम

आज या प्रवासाची दोन्ही टोके अडचणीत आहेत. उत्तर ध्रुवाचा प्रदेश जगाच्या सरासरीच्या कितीतरी अधिक वेगाने तापतो आहे. बर्फ लवकर वितळते, कीटक लवकर उठतात आणि पिले बाहेर येईपर्यंत त्यांचा भर ओसरू लागतो. गोठलेल्या भूमीत वातावरणातील कार्बनच्या जवळपास दुप्पट कार्बन साठलेला आहे; ती वितळली तर त्यातील काही वायू होऊन हवेत येईल आणि जग आणखी तापेल. त्याचा चटका भंडाऱ्याच्या उन्हाळ्यालाही लागेल आणि धानाच्या पावसालाही.

दुसरे टोक आपले तलाव. गाळ साचतो आहे, काठावर बेशरम माजली आहे, पोटात अतिक्रमणे शिरली आहेत. हे टोक तरी आपल्या हातात आहे. भंडारा-गोंदियातील काही गावांत ढीवर समाजातील स्त्रीपुरुषांनी बेशरम उपटून, तलावात देशी पाणवनस्पती पुन्हा लावून मासे आणि पक्षी परत आणल्याचे दाखविले आहे. जुन्या भंडारा जिल्ह्यातील नवेगावबांधच्या तलावाकाठी अनेक वर्षे राहून मारुती चितमपल्ली यांनी मराठीला पक्ष्यांची भाषा दिली. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सलीम अली यांचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा २०२० पासून महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो.

माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी त्या आठवड्यात मुलांना जवळच्या तलावावर किंवा बोडीवर न्यावे. दुर्बीण नसली तरी चालेल. वही आणि पेन्सिल पुरे. कोणता पक्षी, किती, कोणत्या दिवशी, पाणी कोठपर्यंत होते, एवढे लिहावे आणि दरवर्षी लिहावे. मूल विचारील त्या पक्ष्याचे नाव आपल्याला ठाऊक नसेल, तर अमिरुद्दीन मामांप्रमाणे ते ज्याला ठाऊक आहे त्याच्याकडे त्याला घेऊन जावे. आणि कधी तलावाच्या काठी पायात धातूचे कडे असलेला पक्षी मेलेला आढळला, तर कडे फेकून देऊ नये. त्यावरील क्रमांक आणि पत्ता नीट उतरवून, सापडल्याची जागा व तारीख लिहून तो ज्या संस्थेचा असेल तिला कळवावा. कदाचित भंडाऱ्यातील एखाद्या गावाचे नाव टुंड्रातील एखाद्या तळ्याशी जोडणारे ते पहिले पत्र असेल.